वायटूके आणि सरकारी खाती: चेक घरी पोचेपर्यंत काम संपत नाही

प्रश्न असा आहे: "२००० साल उजाडलं तेव्हा जगात कुठंच काही मोठं बंद पडलं नाही. मग अमेरिकी सरकारच्या खात्यांनी अब्जावधी डॉलर नेमके कशावर घातले? दोन आकडी वर्ष चार आकडी करायला एवढं काय लागतं? की वायटूके हा सगळा बागुलबुवाच होता?"

१९९७ ते २००० अशी तीन वर्षं मी अमेरिकेतल्या एका राज्याच्या बेकारी विमा खात्यात कोबोल या जुन्या संगणकभाषेचा प्रोग्रामर म्हणून हेच काम करत होतो. अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कंपनीनं पाठवलं होतं. सहा जणांच्या चमूत आम्ही तिघं मराठी. त्यामुळं हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि उत्तर जरा लांबेल.

आधी थोडक्यात सांगतो. वायटूके म्हणजे 'इयर २०००': जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले, त्यामुळं २००० चं '००' कॉम्प्युटर १९०० समजेल, ही अडचण. वर्षाचे दोन अंक वाढवणं हे कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण होतं. पैसा आणि वेळ गेला तो दुरुस्त केलेलं खरोखर चालतं का हे पाहण्यात, आणि त्याहून जास्त, शेजारच्या खात्यातून येणारी फाइल आपल्या दुरुस्तीशी जुळते का हे पाहण्यात. सरकारातलं कुठलंच खातं एकट्यानं नागरिकाच्या हातात पैसे देत नाही. म्हणून "माझी सिस्टिम तयार आहे" या वाक्याला तेव्हा काही किंमत नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनचा चेक जानेवारीत घरी पोचला की नाही, एवढंच मोजण्यासारखं होतं.

दोन अंक का ठेवले होते, यावर फार वेळ घालवत नाही. पंच कार्डावर ८० रकाने असायचे, मेमरी आणि डिस्क सोन्याच्या भावाची होती, आणि लाखो नोंदींमधून "१९" गाळलं की खरोखर पैसे वाचायचे. पुढं खुद्द अमेरिकी सरकारनंच १९६८ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यांनी एकमेकांना माहिती देताना तारीख कशी लिहावी याचं मानक काढलं, तेही सहा अंकी: वर्षाचे दोन, महिन्याचे दोन, दिवसाचे दोन. म्हणजे प्रोग्रामरांनी आळस केला म्हणून हे झालं, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. ते सरकारी नियमाप्रमाणं वागत होते.

आता प्रत्यक्ष घोटाळा कसा व्हायचा ते आमच्याच खात्याच्या उदाहरणावरून सांगतो, कारण आमच्यासाठी २००० साल एक वर्ष आधीच आलं होतं.

आमच्या राज्यात कुणी बेकारी भत्त्याचा अर्ज केला, की ज्या रविवारपासून तो आठवडा सुरू होतो त्या दिवसापासून ५२ आठवड्यांचं त्याचं लाभवर्ष सुरू व्हायचं. १९९९ मधला पहिला कामाचा दिवस सोमवार, ४ जानेवारी. त्या दिवशी आलेल्या अर्जाचं लाभवर्ष ३ जानेवारी १९९९ ला सुरू होणार आणि संपणार १ जानेवारी २००० ला. सहा अंकांत ही तारीख लिहा: ०००१०१. आता तो माणूस पहिल्या आठवड्याचा भत्ता मागतो, ९ जानेवारीला संपलेल्या आठवड्याचा, म्हणजे ९९०१०९. प्रोग्राममध्ये एक साधी ओळ आहे: मागणीची तारीख लाभवर्षाच्या शेवटच्या तारखेपेक्षा मोठी असेल तर मागणी नामंजूर करा. ९९०१०९ हे ०००१०१ पेक्षा मोठं. लाभवर्ष संपलं, भत्ता नाही.

यात कुठं स्फोट नाही, मशीन बंद पडत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. नोकरी गेलेल्या माणसाला एक छापील पत्र जातं की तुझी मुदत संपली. कॉम्प्युटरनं त्याचं काम अगदी बिनचूक केलेलं असतं. वायटूकेचा खरा धोका हा होता, आणि टीव्हीवर दाखवायचे ती कोसळणारी विमानं नव्हेत. त्या जानेवारीत काही राज्यांचं काम वेळेत झालं नव्हतं. त्यांनी तात्पुरता उपाय म्हणून सगळ्यांच्याच लाभवर्षाची शेवटची तारीख ३१ डिसेंबर १९९९ टाकली आणि खरी दुरुस्ती नंतर केली. मला तो उपाय कमीपणाचा वाटत नाही. लोकांना पैसे मिळाले.

आमची दुरुस्ती वेळेत झाली, त्यातली एक युक्ती मला आजही आवडते. आमच्या मुख्य फाइलमधल्या तारखा कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड डेसिमल प्रकारात होत्या. यात एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याचं चिन्ह. सहा अंक आणि चिन्ह मिळून होतात साडेतीन बाइट. पण अर्धा बाइट वेगळा देता येत नाही, म्हणून जागा जाते चार बाइट. म्हणजे प्रत्येक तारखेच्या डोक्याशी अर्धा बाइट वर्षानुवर्षं रिकामा पडून होता. आम्ही सहा अंकांचं फील्ड, म्हणजे रेकॉर्डमधली तारखेची जागा, सात अंकांचं जाहीर केलं आणि त्या रिकाम्या जागेत शतकाचा अंक ठेवला, एकोणीसशेसाठी ० आणि दोन हजारसाठी १. जुन्या लाखो रेकॉर्डांत तिथं आधीपासून शून्यच होतं, त्यामुळं जुना डेटा बदलावाच लागला नाही. ९ जानेवारी १९९९ झाली ०९९०१०९ आणि १ जानेवारी २००० झाली १०००१०१. रेकॉर्डची लांबी तीच, तुलनेची ओळ तीच, आणि उत्तर बरोबर.

जिथं तारखा साध्या अक्षरांत साठवलेल्या होत्या तिथं ही सोय नव्हती. तिथं दोनच रस्ते. एक तर फील्ड आठ अंकी करायचं, म्हणजे फाइल, प्रोग्राम, पडदे, छापील रिपोर्ट सगळं बदलायचं. नाही तर "विंडोइंग" करायचं, म्हणजे खिडकी लावायची: वर्ष ०० ते ३९ असेल तर दोन हजारातलं धरा, ४० ते ९९ असेल तर एकोणीसशेमधलं धरा. दुसरा रस्ता स्वस्त आणि झटपट, म्हणून बहुतेक खात्यांनी बहुतेक ठिकाणी तोच घेतला. पण तो कुठं चालत नाही हे कळायला अनुभव लागतो. जन्मतारखेला तो चालत नाही. मिनेसोटातल्या विनोना गावात १९९२ मध्ये १०४ वर्षांच्या एका आजींना बालवाडीत प्रवेश घेण्याचं पत्र आलं होतं. जन्मसाल ८८, म्हणजे मूल चार वर्षांचं, असा कॉम्प्युटरचा हिशेब. पेन्शन देणाऱ्या खात्याकडं शंभरी ओलांडलेली माणसं हजारांनी असतात. तिथं ९८ म्हणजे १८९८ की १९९८, हे कुठलीच खिडकी सांगू शकत नाही.

असे बारीक सापळे बरेच होते. मेनफ्रेमच्या, म्हणजे खात्याच्या मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरच्या, टेपवर मुदतीची तारीख ९९३६५ टाकली, की "ही टेप कधीच पुसू नका" असा अर्थ घ्यायची जुनी पद्धत होती. १९९९ सालचा ३६५ वा दिवस! ३१ डिसेंबर १९९९ ला या सगळ्या कायमच्या टेपांची मुदत खरोखरच संपणार होती. काही प्रोग्राममध्ये ०० हे वर्ष म्हणजे "तारीख दिलेली नाही" असं मानलेलं. लीप वर्षाचा नियम अर्धवट माहीत असणाऱ्यांनी, शंभरनं भाग जातो म्हणून २००० ला लीप वर्ष नाही असं लिहून ठेवलेलं. चारशेनं भाग जातो म्हणून ते लीप वर्ष आहे, ही नियमाची शेवटची ओळ त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. गंमत म्हणजे ज्यांना शंभराचा नियमही माहीत नव्हता, फक्त चारचा माहीत होता, त्यांचे प्रोग्राम बरोबर चालले. आणि कागदी फॉर्म? "१९__" असं आधीच छापलेले गठ्ठेच्या गठ्ठे गोदामात होते. आपल्याकडच्या चेकबुकांवरही तसंच छापलेलं असायचं, आठवत असेल.

आता मोठ्या चित्राकडं येतो. फेडरल सरकारात हे काम सगळ्यात चांगलं केलं ते सोशल सिक्युरिटी प्रशासनानं, म्हणजे तेव्हा सुमारे पाच कोटी लोकांना पेन्शन आणि अपंगत्वाचे लाभ देणाऱ्या खात्यानं. त्यांना हा प्रश्न १९८९ मध्येच दिसला. चुकून जास्त दिलेली रक्कम हप्त्याहप्त्यानं वसूल करायची त्यांची एक सिस्टिम होती, आणि २००० च्या पुढं जाणारे हप्ते तिला मांडता येईनात. बाकीची खाती जागी झाली १९९६ च्या आसपास. सोशल सिक्युरिटीकडं सात वर्षांची आघाडी होती, स्वतःचे अनुभवी प्रोग्रामर होते, आणि वरिष्ठांना हे तांत्रिक लचांड वाटत नव्हतं. त्यांच्याकडं तीन कोटींहून जास्त ओळींचा कोड होता. तो त्यांनी चिकाटीनं ओळीओळीनं तपासला.

आणि तरीही ते एका ठिकाणी अडकले. १९९७ च्या शरद ऋतूत काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, लेखातपासणी संस्था, जीएओ, हिनं त्यांची तपासणी केली तेव्हा निघालं की अपंगत्वाचा निर्णय घेणारी ५४ राज्यस्तरीय कार्यालयं त्यांच्या पहिल्या यादीत नव्हतीच. निर्णय तिथं होतो, पैसा केंद्राचा. या कार्यालयांच्या बहुतेकांच्या आपापल्या सिस्टिम होत्या आणि त्यांचा कोड आणखी तीन कोटींहून जास्त ओळींचा. म्हणजे सगळ्यात हुशार खात्याचं मोजमाप निम्म्यावर येऊन थांबलं होतं! दुसरी कडी पुढच्या टोकाला. सोशल सिक्युरिटी कुणाला किती द्यायचं ते ठरवायचं, पण चेक छापणं आणि बँकेत रक्कम पाठवणं हे काम तेव्हा ट्रेझरीच्या, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याच्या, फायनान्शियल मॅनेजमेंट सर्व्हिसचं होतं. तो विभाग मागं पडलेला होता. त्याच्या पुढं फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक, त्याच्या पुढं बँका, टपाल खातं. मधली एक कडी कच्ची राहिली तर सात वर्षांची आघाडी वाया.

हे लक्षात आल्यावर त्यांनी जे केलं त्याचं मला आजही कौतुक आहे. त्यांनी राज्यांची ती कार्यालयं आपल्याच हिशेबात धरली, ट्रेझरीबरोबर बसून फाइल तयार होण्यापासून पैसे खात्यात पडण्यापर्यंतची साखळी एकत्र चालवून पाहिली, आणि मगच तयारी झाल्याचं सांगितलं. २८ डिसेंबर १९९८ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी स्वतः जाहीर केलं की सोशल सिक्युरिटीची व्यवस्था वायटूकेसाठी तयार आहे. एक वर्ष शिल्लक ठेवून.

इतर खात्यांची गोष्ट एवढी सरळ नाही. १९९७ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं, ओएमबीनं, फेडरल सरकारचा एकूण खर्च २.३ अब्ज डॉलर धरला होता. शेवटी तो साडेआठ अब्जांच्या घरात गेला. यामागं उधळपट्टी असेल असं वाटतं, पण मुख्य कारण वेगळं होतं. पहिल्या अंदाजात खात्यांनी कोडच्या ओळी मोजल्या आणि दर ओळीमागं काही डॉलर असा गुणाकार केला. चाचणी, देवाणघेवाणीच्या फाइली, बदलावी लागणारी यंत्रसामग्री, आणि काहीच चाललं नाही तर हातानं काम कसं चालवायचं याची योजना, हे सगळं नंतर पुढं आलं. आमच्या कामाचंही निम्म्याहून जास्त वेळापत्रक चाचणीनं खाल्लं.

खात्यांच्या मागं लागणारी माणसं होती, हे फार महत्त्वाचं. प्रतिनिधिगृहातले स्टीफन हॉर्न हे पूर्वीचे प्राध्यापक. त्यांनी १९९६ पासून खात्यांना शाळेसारखी प्रगतिपुस्तकं द्यायला सुरुवात केली, ए पासून एफ पर्यंत. मंत्र्याचं खातं नापास झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात. याचा जो परिणाम झाला तो शंभर परिपत्रकांनी झाला नसता. जीएओनं फेब्रुवारी १९९७ मध्ये वायटूकेला सरकारातल्या सर्वांत जोखमीच्या विषयांच्या यादीत घातलं. त्याच वर्षी तिनं खात्यांसाठी एक मार्गदर्शक काढला: जाणीव, मोजणी, दुरुस्ती, पडताळणी, अंमल अशा पाच टप्प्यांचा. आम्ही राज्यात होतो तरी आमच्या प्रकल्पप्रमुखांच्या टेबलावर तो कायम असायचा. ४ फेब्रुवारी १९९८ ला क्लिंटन यांनी अध्यक्षीय आदेशानं वायटूके परिषद नेमली आणि जॉन कोस्किनेन यांना तिचं प्रमुख केलं. हा माणूस प्रोग्रामर नव्हता. बुडत्या कंपन्या सावरण्यात आणि पुढं ओएमबीत त्याची कारकीर्द गेलेली. प्रत्येक खात्यात जबाबदार एक वरिष्ठ अधिकारी, ठरल्या वेळी अहवाल, आणि अत्यावश्यक सिस्टिमसाठी ३१ मार्च १९९९ ही एकच मुदत, असा खाक्या होता. त्या मुदतीला सहा हजारांवर अत्यावश्यक सिस्टिमपैकी ९२ टक्के तयार झाल्याचं जाहीर झालं.

"जाहीर झालं" असं मी मुद्दाम म्हणतो. संरक्षण खात्यानं नोव्हेंबर १९९७ मध्ये ४३० सिस्टिम तयार असल्याचं कळवलं होतं. त्यांच्याच महानिरीक्षकांनी तपासलं तेव्हा त्यातल्या साधारण पाव सिस्टिमनाच रीतसर प्रमाणपत्र मिळालेलं होतं. बाकीच्या कुणाच्या तरी शब्दावर. मला यात लबाडी दिसत नाही. कामाच्या ओझ्याखालच्या माणसाला विचारलं "झालं का?" तर तो "झालं" म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यासमोर त्यानं बदललेला कोड असतो. म्हणून बाहेरच्या माणसानं येऊन कागद मागणं, चाचणीचा निकाल बघणं, हे या कामात दुरुस्तीइतकंच मोलाचं होतं.

आमच्याकडं साखळी कशी तुटली होती तेही सांगतो. कामगाराला किती भत्ता द्यायचा हे त्याच्या आधीच्या तिमाहींच्या पगारावर ठरायचं, आणि तो पगाराचा डेटा राज्याच्याच एका दुसऱ्या खात्यातून टेपवर यायचा. त्या खात्यानंही आपलं वायटूकेचं काम केलं होतं, आणि नीट केलं होतं. तिमाही संपल्याची तारीख त्यांनी सहाऐवजी आठ अंकी केली. वाढीव दोन जागा रेकॉर्डच्या शेवटी असलेल्या रिकाम्या भागातून घेतल्या, म्हणजे एकूण लांबी बदलली नाही. आम्हाला कळवायचं मात्र राहून गेलं.

लांबी बदलली असती तर आमचा जॉब, म्हणजे ती टेप वाचणारं काम, पहिल्याच रेकॉर्डला मोडून पडला असता आणि दहा मिनिटांत उलगडा झाला असता. तो मोडला नाही. तारखेच्या पुढची सगळी फील्डं दोन घरं सरकली होती आणि आमचा प्रोग्राम जुन्याच जागेवरून वाचत होता. एखाद्याचा तिमाही पगार ६,४२३ डॉलर ५० सेंट, टेपवर ०००६४२३५०. त्याच्या अलीकडं तारीख १९९९०३३१. आमच्या प्रोग्रामनं तारखेचे शेवटचे दोन अंक, ३१, पगाराच्या डोक्याला लावले आणि वाचलं ३१०००६४२३. म्हणजे एकतीस लाख डॉलर आणि वर काही. त्या टेपवरचा झाडून प्रत्येक कामगार तिमाहीला एकतीस लाख कमावत होता. तारीख वाचली गेली १९९९०३, नव्व्याण्णवावा महिना. पण सरकारी खात्यातून आलेल्या डेटाचा महिना कशाला तपासायचा, म्हणून ती तपासणी मूळ प्रोग्रामात नव्हती.

हे पकडलं कुणी? प्रोग्रामरांनी नाही. दाव्यांच्या विभागात पंचवीसेक वर्षं काढलेल्या एका ज्येष्ठ कारकून बाईंनी. चाचणीचे निकाल वाचायला आम्ही त्यांना बसवलं होतं. त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि विचारलं, "या सगळ्यांनाच कमाल भत्ता कसा काय बसतो?" भत्त्याला वरची मर्यादा असल्यानं एकतीस लाखांचा आकडा निकालात दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त एकसारखी कमाल रक्कम. आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानात आलं नसतं, कारण आम्हाला कोड माहीत होता, माणसं माहीत नव्हती. त्या दिवसापासून प्रत्येक चाचणीच्या निकालावर त्यांची सही घ्यायची असा नियम आम्ही केला. शेजारच्या खात्यांशी होणाऱ्या प्रत्येक फाइलची यादी केली, दोन्हीकडच्या माणसांना एका खोलीत बसवून रेकॉर्डची मांडणी रकान्या-रकान्यानं वाचून घेतली. कंटाळवाणं काम. त्यातून आणखी चार फाइली सापडल्या.

चाचणी कशी करायची हाही मोठा प्रश्न होता. चालू मेनफ्रेमचं घड्याळ पुढं करता येत नाही, कारण त्यावर आजचे चेक निघत असतात. म्हणून मशीनचा एक वेगळा विभाग तोडून घ्यायचा आणि त्याला २००० सालात न्यायचं. तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी काहीच चाललं नाही, आणि त्याचा आमच्या कोडशी काही संबंध नव्हता! बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सची मुदत संपली होती, आमचे सगळ्यांचे पासवर्ड शिळे झाले होते, आणि "वर्षभर न वापरलेली" म्हणून खाती बंद झाली होती. हे सगळं सोडवून मग ३१ डिसेंबर ते १ जानेवारी, २८ फेब्रुवारी ते २९, २९ ते १ मार्च, आणि सरकारी आर्थिक वर्षाच्या सुरुवाती, अशा तारखा एकेक रात्र चालवायच्या. काही जुन्या प्रोग्रामांचा सोर्स कोडच, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूरच, सापडत नव्हता. चालणारी प्रत आहे, पण ती कशापासून बनली ते गेलं. ते आम्ही नव्यानं लिहिले.

सोर्सच्याही खाली जावं लागण्याची वेळ विमान वाहतूक प्रशासनावर, एफएएवर आली. त्यांच्या हवाई मार्ग नियंत्रण केंद्रांत आयबीएम ३०८३ ही १९८० च्या दशकातली मशीनं होती. खुद्द आयबीएमनं सांगितलं की या मशीनच्या आतल्या मायक्रोकोडची, म्हणजे हार्डवेअरला थेट चालवणाऱ्या सूचनांची, खात्री द्यायला आता आमच्याकडं माहितगार माणसं नाहीत, मशीनच बदला. एफएएनं आयबीएमचे निवृत्त अभियंते शोधून काढले आणि तो मायक्रोकोड वाचून घेतला. निघालं असं की तो वर्षाचे शेवटचे दोन अंक वापरतच नव्हता. १९७५ ला पहिलं वर्ष धरून १ ते ३२ असं मोजत होता. म्हणजे त्याला अडचण आली असती ती २००७ मध्ये. तरी त्यांनी मशीनं बदलायचं थांबवलं नाही, आणि ते बरोबरच केलं. ३१ डिसेंबरला ग्रिनिच वेळेप्रमाणं मध्यरात्र झाली, कारण विमान वाहतूक त्याच वेळेवर चालते, तेव्हा एफएएच्या प्रमुख जेन गार्व्ही स्वतः एका प्रवासी विमानात बसलेल्या होत्या.

त्या रात्री काहीच झालं नाही हे खरं नाही. अमेरिकी गुप्तचर उपग्रहांकडून येणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करणारं एक जमिनीवरचं केंद्र ग्रिनिच मध्यरात्रीनंतर काही तास आंधळं झालं होतं. सात-आठ विमानतळांवर वाऱ्याच्या अचानक बदलाची सूचना देणारी यंत्रणा अडली आणि पुन्हा सुरू करावी लागली. अमेरिकी नौदल वेधशाळेच्या, म्हणजे देशाची अधिकृत वेळ राखणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर वर्ष दिसलं १९१००. आणि सगळ्यात दुःखद प्रकार ब्रिटनमध्ये शेफील्डला घडला. गर्भवतींच्या रक्ततपासणीवरून बाळाला डाउन सिंड्रोमचा धोका किती हे सांगणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेच्या कॉम्प्युटरनं २००० च्या जानेवारीपासून आयांची वयं चुकीची काढली, आणि दीडशेहून अधिक बायकांना धोका कमी असल्याचं कळवलं गेलं. मे महिन्यापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या एकतीस लाखांच्या टेपची आणि या घटनेची जात एकच आहे. आकडा चुकीचा, पण दिसायला शक्य कोटीतला.

आता बागुलबुवाबद्दल. ज्या देशांनी फार कमी खर्च केला तेही सुखरूप पार पडले, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावू नये. काही खर्च खरोखर वाया गेला असं माझंही मत आहे. उपकरणांत बसवलेल्या चिप बंद पडतील ही भीती प्रमाणाबाहेर होती, कारण त्यातल्या बहुतेकांना तारीख लागतच नाही. चालू पीसी वायटूकेच्या नावाखाली बदलून घेतलेले मी पाहिले आहेत. पण उशिरा सुरुवात करणाऱ्या देशांना तयार पॅकेजं दुरुस्त होऊनच मिळाली, आणि एकमेकांत गुंतलेल्या तीस-तीस वर्षांच्या मेनफ्रेमचं जाळं बऱ्याच ठिकाणी नव्हतंच. आपल्याकडं माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं गेलं, बँका, रेल्वे, वीज यांच्याकडं लक्ष दिलं गेलं. पण तेव्हा आपल्या तालुक्याच्या कचेरीतला सातबारा तलाठ्याच्या हस्ताक्षरात होता, त्याला कसला वायटूके? अमेरिकेच्या बेकारी विम्यात हात न लावता ४ जानेवारी १९९९ उजाडला असता, तर पहिल्या आठवड्यापासून नामंजुरीची पत्रं सुटली असती. ते मी स्वतः चाचणीत पाहिलं आहे, जुन्या कोडवर. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमच्यासारख्यांना तिकडं जायची संधी मिळाली तीही यातूनच. एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार होती, ती १९९९ आणि २००० या वर्षांसाठी १ लाख १५ हजार करण्यात आली. पुण्या-मुंबईतल्या कित्येक घरांतला पहिला अमेरिकेला गेलेला मुलगा किंवा मुलगी कोबोल शिकून गेली.

तुम्ही २०३८ च्या प्रश्नावर, म्हणजे वेळ सेकंदांत मोजणाऱ्या अनेक सिस्टिमची मोजणी त्या वर्षी भरून जाण्याच्या अडचणीवर, काम करायचं म्हणत असाल तर एकच सल्ला: आधी फाइलींची यादी करा, कोण देतं आणि कोण घेतं. कोड नंतर उघडा. आणि दावे हाताळणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळं लाखो लोकांनी एकदम अर्ज केले तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे कोबोल जाणणारे स्वयंसेवक मागावे लागले होते. बेकारी विम्याची चाळीस वर्षं जुनी यंत्रणा तिथं अजून चालू होती. आमच्या त्या राज्यातलेही काही प्रोग्राम अजून चालू असणार. जिथं जिथं मी खिडकी लावली, तिथं तिथं वर एक शेऱ्याची ओळ टाकून ठेवली आहे: वर्ष ०० ते ३९ दोन हजारातलं धरलं आहे, ३१ डिसेंबर २०३९ च्या आत बदला.